जुन्या लोन स्कीमच्या वसुलीचं पत्र आलं, तर काय करायचं

ब्रिटनमध्ये आयटीत, बँकांत, हॉस्पिटलांत कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम केलेल्या अनेकांना गेल्या काही वर्षांत एक चमत्कारिक पत्र येतंय. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या खात्यात जमा झालेले पैसे पगार नव्हते, ते कर्ज होतं. ते कर्ज आता आम्ही विकत घेतलंय. अमुक दिवसांत परत करा, नाहीतर कोर्टात भेटू. असा त्याचा मजकूर. पाठवणाऱ्या कंपनीचं नाव आयुष्यात कधी ऐकलेलं नसतं, रक्कम मात्र पेनीपर्यंत हिशोब करून लिहिलेली असते. ज्यांनी याच पैशांवर एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याला, आधीच मोठी रक्कम भरली आहे त्यांनाही हे पत्र येतं. मग माणूस एकतर घाबरून फोन उचलतो, नाहीतर पत्र कपाटात कोंबून ठेवतो.

ही दोन्ही माणसं गोत्यात येतात. फोनवर ‘हो, घेतले होते मी पैसे, पण एवढे नाहीत’ असं बोलून जाणारा आपल्या बचावाचे मुद्दे स्वतःच देऊन टाकतो. कपाटात पत्र ठेवणाऱ्यावर कोर्टाचा एकतर्फी निकाल लागू शकतो. मधला मार्ग आहे आणि तो फार अवघड नाही: कबुली द्यायची नाही, पैसे भरायचे नाहीत, पण वेळेत, लेखी, नेमकं उत्तर द्यायचं. ते कसं करायचं हे या विषयाची काहीच कल्पना नसलेल्यांसाठी इथे सांगतोय. पुढे दिलेल्या मुदती इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्याप्रमाणे आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

हे कर्ज आलं कुठून

एप्रिल २००० मध्ये ब्रिटनमध्ये आयआर ३५ नावाचे नियम लागू झाले. नावापुरती स्वतःची लिमिटेड कंपनी, पण काम मात्र नोकरदारासारखं, अशांनी करही नोकरदाराइतकाच भरावा, असा त्यांचा हेतू होता. आपण त्यात बसतो की नाही हे कॉन्ट्रॅक्टरला कळेना, आणि चुकलं तर जुना कर व्याजासकट निघण्याची भीती. त्या भीतीवर एक अख्खा धंदा उभा राहिला. अम्ब्रेला कंपनी म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला कागदोपत्री नोकरीवर ठेवून त्याचा पगार काढणारी कंपनी. ‘आमच्या अम्ब्रेला कंपनीत या, आयआर ३५ ची कटकट नाही, वकिलांचा सल्ला घेऊन बनवलेली रचना आहे, हातात ८०-८५ टक्के रक्कम पडेल,’ असं सांगणारे प्रमोटर गल्लोगल्ली झाले. काही जागी काम मिळवून देणारी एजन्सीच सांगायची की पगार याच कंपनीतून होईल, पटत असेल तर या. ब्रिटनमध्ये नुकत्याच आलेल्या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आयटीवाल्यांबरोबर लोकम, म्हणजे बदली, नर्स, सोशल वर्करही यात ओढले गेले.

आतली रचना अशी होती. एजन्सी तुमच्या कामाचे पैसे अम्ब्रेला कंपनीला द्यायची. कंपनी त्यातून किमान वेतनाच्या आसपासचा पगार दाखवून त्यावर कर कापायची. उरलेला मोठा हिस्सा आइल ऑफ मॅन, जर्सी अशा ठिकाणच्या ट्रस्टमार्फत ‘कर्ज’ म्हणून तुमच्या खात्यात यायचा, प्रमोटरची फी कापून. कर्ज हे उत्पन्न नाही, म्हणून त्यावर आयकर नाही, असा त्यामागचा तर्क. ‘हे कधीच परत मागत नाहीत’ असं तोंडी सांगितलं जायचं. सही केलेल्या कागदात मात्र बहुतेकदा मागणी होताच परतफेड करावी लागेल असं वाक्य असायचं. आजचा सगळा तंटा त्या वाक्यावर उभा आहे.

सरकारने डिसेंबर २०१० मध्ये या रचनांविरुद्ध नवा कायदा जाहीर केला आणि तो २०११ मध्ये पूर्णपणे लागू झाला. मार्च २०१६ च्या बजेटमध्ये ‘लोन चार्ज’ जाहीर झाला: ५ एप्रिल २०१९ रोजी जे कर्ज फेडलेलं नसेल ते उत्पन्न समजून त्यावर एकदम कर. सुरुवातीला तो थेट १९९९ पर्यंत मागे जाणार होता. दरम्यान जुलै २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने ग्लासगोच्या रेंजर्स फुटबॉल क्लबच्या प्रकरणात निर्णय दिला की कामाच्या मोबदल्यातले पैसे ट्रस्टकडे वळवले तरी ते करासाठी कमाईच ठरतात. लोन चार्जविरुद्ध मोठी ओरड झाली, सर अमायस मोर्स यांची समीक्षा नेमली गेली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिच्या शिफारशीवरून ९ डिसेंबर २०१० च्या आधीची कर्जं लोन चार्जमधून वगळली गेली. उरलेल्यांना ती रक्कम तीन करवर्षांत विभागून दाखवायची मुभा मिळाली.

मागण्या दोन आहेत, त्या वेगळ्या ठेवा

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

एक मागणी एचएमआरसीची: ते पैसे उत्पन्न होतं, त्यावर कर द्या. दुसरी मागणी कर्ज देणाऱ्याची किंवा कर्ज विकत घेतलेल्या कंपनीची: ते पैसे कर्ज होतं, मुद्दल परत द्या. सामान्य माणूस विचारतो, एकाच रकमेला उत्पन्न म्हणून कर आणि कर्ज म्हणून परतफेड, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे, आणि मला स्वतःला ही स्थिती अन्यायाचीच वाटते. पण कायद्यात या दोन वेगळ्या वाटा आहेत. सुप्रीम कोर्टाने रेंजर्स प्रकरणात पैसे कमाई ठरवले ते कराच्या हिशोबासाठी. कर्जाचे करार खोटे होते असं त्या निकालात म्हटलेलं नाही. एचएमआरसीची भूमिकाही स्पष्ट आहे: लोन चार्ज भरला किंवा आमच्याशी तडजोड केली म्हणून कर्ज फिटत नाही, कर्ज हा तुमचा आणि देणाऱ्याचा मामला. उलट दिशेनेही तेच. ५ एप्रिल २०१९ नंतर कर्ज फेडलं तरी लोन चार्ज मागे घेतला जात नाही.

त्यामुळे ‘मी एचएमआरसीला भरलंय, तेव्हा मला काही देणं लागत नाही’ एवढंच उत्तर पाठवून गप्प बसू नका. आणि कर्जवाल्या कंपनीला पैसे दिले की करखातं शांत होईल या समजुतीतही राहू नका. घरात दोन फायली करा, दोन रंगांच्या. एकीचा कागद दुसरीत जाऊ देऊ नका.

पायरी पहिली: आलेला कागद नेमका कोणता आहे ते ओळखा

पाकीट टाकून देऊ नका. त्यावरचा शिक्का, पत्रावरची तारीख आणि तुमच्या हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा, कारण मुदती या तारखांवरून मोजल्या जातात. मग पाहा की यांपैकी काय आहे.

साधं मागणीपत्र असेल तर त्यात रक्कम, ‘सवलतीत मिटवा’ असा प्रस्ताव आणि धमकीचा सूर असतो. त्याला कायद्याने ठरवलेली मुदत नसते. पत्रात लिहिलेले सात किंवा चौदा दिवस ही त्यांनी स्वतः ठरवलेली मुदत असते.

कोर्टात जाण्याआधीचं औपचारिक दावापत्र असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या कंपनीला व्यक्तीकडून कर्ज वसूल करायचं असेल तर १ ऑक्टोबर २०१७ पासून एक ठरलेली पूर्वप्रक्रिया पाळावी लागते. दावापत्रात रक्कम, व्याज, करार कधी आणि कुणाशी झाला, कर्ज हस्तांतरित झालं असेल तर मूळ कर्ज कुणाचं होतं आणि कधी कुणाकडे गेलं, हे सगळं यावं लागतं. सोबत माहितीपत्रक आणि उत्तराचा फॉर्म असतो. तुम्हाला उत्तरासाठी पत्रावरच्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. फॉर्ममध्ये तुम्ही कागदपत्रं मागितलीत तर ती ३० दिवसांत देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं, आणि कागद दिल्यावरही आणखी ३० दिवस त्यांनी दावा दाखल करू नये असा नियम आहे. कर्ज-सल्लागाराची मदत घेतोय असं लिहिलंत तर त्यासाठीही वाजवी वेळ द्यावा लागतो. या फॉर्मला लोक घाबरतात. खरं तर तुमच्या बाजूने वेळ आणि पुरावा मिळवून देणारा याच्याइतका चांगला कागद नाही. मात्र त्यात ‘देणं मान्य आहे’ या चौकटीवर खूण करू नका.

स्टॅट्युटरी डिमांड असेल तर त्याच दिवशी सॉलिसिटरला, म्हणजे तिथल्या वकिलाला, फोन करा. हा दिवाळखोरीच्या वाटेवरचा पहिला कागद. २१ दिवसांत पैसे दिले नाहीत किंवा समझोता झाला नाही, आणि देणं ५,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर समोरचा तुमच्याविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करू शकतो. ही डिमांड रद्द करून घेण्याचा अर्ज मात्र १८ दिवसांतच करावा लागतो. कर्जाबद्दल खरोखर वाद आहे हे ठोसपणे दाखवता आलं तर कोर्ट ती रद्द करतं, आणि जुन्या लोन स्कीमच्या बाबतीत वादाचे मुद्दे सहसा असतातच. पण ते अठरा दिवस निघून गेले की बाजू कमकुवत होते.

कोर्टाचा क्लेम फॉर्म असेल तर दाव्याचा तपशील मिळाल्यापासून १४ दिवसांत उत्तर हवं. दावा पोचल्याची पोच कोर्टाला दिलीत तर बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. काहीच केलं नाही तर तुमचं म्हणणं न ऐकता निकाल लागतो. त्याची नोंद, म्हणजे सीसीजे, सहा वर्षं रजिस्टरवर राहते आणि घरकर्जापासून मोबाइलच्या करारापर्यंत सगळीकडे आडवी येते. रक्कम एका महिन्यात पूर्ण भरली तर ती नोंद पुसली जाते.

पायरी दुसरी: फोनवर बोलू नका

सगळं लेखी. फोन आलाच तर ‘जे काही असेल ते पत्राने कळवा’ एवढं सांगून ठेवून द्या. उद्धटपणा नको, वादही नको. आपल्याकडे समोरच्याला उत्तर न देणं असभ्य वाटतं, पाच मिनिटं बोलून समजावून सांगू असं वाटतं. वसुली करणाऱ्या माणसाला तेच हवं असतं.

यामागे कायद्याचं कारण आहे. इंग्लंडमध्ये साध्या करारावरच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत असते आणि करार ‘डीड’, म्हणजे औपचारिक दस्ताच्या, स्वरूपात असेल तर बारा वर्षांची. पण मुदत संपण्याआधी तुम्ही सही केलेल्या कागदावर देणं मान्य केलं, किंवा थोडेसे पैसे जरी भरले, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. ‘सद्भावना म्हणून’ पाठवलेले शंभर पौंडही त्यासाठी पुरेसे ठरू शकतात.

ही मुदत कधीपासून मोजायची हा या प्रकरणातला सर्वांत चिवट प्रश्न. करारात परतफेडीची तारीख नसेल आणि परतफेड मागणीवर अवलंबूनही ठेवलेली नसेल, तर १९८० च्या लिमिटेशन अॅक्टच्या कलम ६ प्रमाणे लेखी मागणी झाल्यापासून मुदत सुरू होऊ शकते. करारातला एखादा शब्द इकडचा तिकडे असेल तर उत्तर बदलतं. शिवाय काही करारांना आइल ऑफ मॅनचा किंवा जर्सीचा कायदा लागू असतो. म्हणून ‘पंधरा वर्षं झाली, आता काही करू शकत नाहीत’ असं व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी ठामपणे सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. तो मुद्दा मांडायचा जरूर, पण करार पाहिलेल्या वकिलाकडून.

पायरी तिसरी: स्वतःची फाइल उभी करा

पत्रातला आकडा बरोबर आहे असं कधीही गृहीत धरू नका. तुमचा आकडा तुम्ही काढा. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणती एजन्सी, कोणती अम्ब्रेला कंपनी, कोणता ट्रस्ट, कर्ज देणारा म्हणून कागदावर कुणाचं नाव, किती रक्कम, कोणत्या चलनात. चलन मुद्दाम म्हणतोय. काही स्कीममध्ये कर्ज घसरणाऱ्या परदेशी चलनात दाखवलेलं होतं, आणि त्या चलनात मोजलं तर आजची रक्कम पौंडातल्या मागणीपेक्षा फार वेगळी निघू शकते.

जुन्या ईमेलमध्ये शोधा: प्रमोटरचं माहितीपत्रक, ‘परतफेड करावी लागणार नाही’ अशा अर्थाचं एखादं वाक्य, स्कीममध्ये घेताना पाठवलेले कागद. असं एक वाक्य लेखी सापडलं तर ते फार मोलाचं. पेस्लिप, पी ६० (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा दाखला), बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न आणि त्यावर लिहिलेला स्कीमचा नोंदणी क्रमांक, हे सगळं जमवा. लोन चार्ज लागू झालेल्यांनी सप्टेंबर २०२० च्या अखेरपर्यंत आपल्या कर्जांचा तपशील एचएमआरसीला कळवायचा होता. तुम्ही तो दिला असेल तर त्याची प्रत काढा. त्यातला आकडा आणि आत्ताच्या पत्रातला आकडा जुळतो का, हे पहिल्या तासाभरातच कळेल.

कागद नसतील तर मागा. माहिती संरक्षण कायद्याखाली तुमच्याबद्दल ठेवलेली सगळी माहिती फुकट मागता येते आणि सहसा एका महिन्यात द्यावी लागते. हा अर्ज वसुली करणाऱ्या कंपनीला करा, जुन्या अम्ब्रेला कंपनीला करा, ट्रस्टीला करा, एचएमआरसीलाही करा. अनेक अम्ब्रेला कंपन्या केव्हाच बंद पडल्या आहेत, तिथून उत्तर येणार नाही. पण विचारल्याचा पुरावा तुमच्या फाइलमध्ये राहतो.

पायरी चौथी: पहिलं उत्तर

उत्तर लहान ठेवा. इंग्रजीत एका पानात मावलं पाहिजे. आपली कर्मकहाणी त्यात नको, मुलांच्या शिक्षणाचा खर्च नको, प्रमोटरने कसं फसवलं हेही नको. ते सगळं खरं आहे, पण त्याची जागा वकिलासमोर आहे.

पत्रात पहिलंच वाक्य असं हवं की हे उत्तर म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली नाही आणि मागणी अमान्य आहे. मग कागद मागा: माझी सही असलेल्या प्रत्येक कर्ज-कराराची प्रत, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम दाखवणारा हिशोब, कर्ज ट्रस्टकडून त्या कंपनीकडे कसं आलं ते दाखवणारा हस्तांतराचा सही केलेला दस्त, आणि त्या हस्तांतराची मला दिलेली लेखी नोटीस. ही शेवटची मागणी सहज केलेली नाही. १९२५ च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी अॅक्टच्या कलम १३६ प्रमाणे कर्ज कायदेशीररीत्या दुसऱ्याच्या नावावर होण्यासाठी लेखी, सही केलेलं हस्तांतर आणि कर्जदाराला लेखी नोटीस, दोन्ही लागतात. या स्कीममध्ये कर्जं कधी कधी दोन-तीन हातांतून गेली आहेत. साखळीतली एक कडी गायब असेल तर मागणाऱ्याचा हक्कच प्रश्नात येतो.

कागद मिळेपर्यंत पुढील कारवाई थांबवावी आणि यापुढचा व्यवहार फक्त लेखी करावा, असं शेवटी लिहा. पत्र पोचल्याची नोंद राहील अशा टपालाने पाठवा आणि प्रत फाइलला लावा. दावापत्रासोबत उत्तराचा फॉर्म आला असेल तर तोही भरून याच पत्राबरोबर धाडा.

पायरी पाचवी: सॉलिसिटर निवडा, पण जपून

इथे कंजुषी करू नका आणि भोळेपणाही नको. रक्कम १०,००० पौंडांपेक्षा जास्त असेल तर दावा सहसा स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेच्या, बाहेर जातो, आणि तिथे हरणाऱ्यावर जिंकणाऱ्याचा खर्चही पडू शकतो. म्हणजे एकट्याने लढण्याची जोखीम मोठी. त्याच कंपनीचं तसंच पत्र आलेले लोक एकत्र येऊन एक सॉलिसिटर नेमतात आणि खर्च वाटून घेतात, ही पद्धत चांगली आहे. ओळखीत विचारा. एका स्कीममध्ये एकाच ऑफिसातले चार-पाच जण असायचेच.

सॉलिसिटरचं नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या रजिस्टरवर तपासा. कर्जवसुली आणि ट्रस्ट, दोन्हींचा अनुभव आहे का विचारा, कारण नुसत्या करतज्ज्ञाचं हे काम नाही. त्यांच्यासमोर मांडायचे प्रश्न: मुदत संपली आहे का, हस्तांतर वैध आहे का, परतफेड नाही असं सांगून करार करायला लावला त्याचा उपयोग होतो का, आणि १९७४ चा कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट लागू होतो का. शेवटच्या प्रश्नाला तारखेचं महत्त्व आहे. ६ एप्रिल २००८ च्या आधी २५,००० पौंडांपेक्षा मोठी कर्जं त्या कायद्याच्या बाहेर असायची. आणखी एक प्रश्न मला सर्वांत वजनदार वाटतो. ट्रस्ट होता तो लाभार्थ्यांच्या भल्यासाठी, आणि लाभार्थी होतात तुम्ही. मग ट्रस्टीने तुमचंच कर्ज तिसऱ्याला विकून तुमच्यावर वसुली सोडणं त्याच्या कर्तव्यात बसतं का? हे सॉलिसिटरला जरूर विचारा.

‘आम्ही तुमचं कर्ज आणि लोन चार्ज दोन्ही गायब करून देतो’ असं सांगणारा फोन आला तर तो तिथेच बंद करा. जुन्या स्कीममधून बाहेर काढण्याच्या नावाखाली नवी स्कीम विकणारे लोक आहेत, आणि एचएमआरसीने त्यांच्याबद्दल इशारेही दिले आहेत.

सवलतीत मिटवण्याचा प्रस्ताव

बहुतेक पत्रांत एक गाजर असतं: मूळ रकमेच्या थोड्या टक्क्यांवर मिटवा, उरलेलं माफ. चाळीस हजारांऐवजी चार-पाच हजारांत सुटका होत असेल तर भरून मोकळं व्हावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. काहींसाठी शेवटी तोच व्यवहारी निर्णय ठरेलही. पण सही करण्याआधी तीन गोष्टी वकिलाकडून लेखी घ्या.

माफ करणाऱ्याला माफ करण्याचा अधिकार आहे का? हक्क सिद्ध न झालेल्या कंपनीला पैसे दिले आणि उद्या मूळ ट्रस्टी किंवा त्याचा वारसदार उभा राहिला तर? माफीच्या दस्तात तुमची सगळी कर्जं, सगळ्या वर्षांची, नावानिशी आली आहेत का? आणि कर. माफ झालेलं कर्ज हेही करखात्याच्या नजरेत उत्पन्न ठरू शकतं. ज्या रकमेवर लोन चार्ज किंवा तडजोडीचा कर आधीच भरला आहे तिची स्थिती वेगळी आणि ९ डिसेंबर २०१० च्या आधीच्या, लोन चार्जमधून सुटलेल्या रकमेची वेगळी. जुनं कर्ज लोन चार्जमधून सुटलं म्हणून खुश असलेल्या माणसाने माफीपत्रावर सही करून नवं करदेणं ओढवून घेऊ नये, म्हणून हे सांगतोय.

एचएमआरसीची फाइल

कर अजून बाकी असेल तर ती वाट स्वतंत्रपणे चाला. २०२५ मध्ये सरकारने रे मॅक्कॅन यांच्याकडे लोन चार्जची नवी स्वतंत्र समीक्षा सोपवली. तिचा अहवाल २६ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटबरोबर आला, आणि सरकारने बहुतेक शिफारशी स्वीकारून, ज्यांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही त्यांच्यासाठी तडजोडीची नवी संधी देऊ असं जाहीर केलं. म्हणून जुन्या अटींवर आज घाईने सही करण्याआधी नव्या अटी आपल्याला लागू होतात का ते विचारा. एकरकमी भरणं शक्य नसेल तर हप्ते बांधून मिळतात, त्याला ‘टाइम टू पे’ म्हणतात. कमी उत्पन्न असलेल्यांना टॅक्सएड ही संस्था फुकट मदत करते.

घरी सांगा

हा भाग कायद्याचा नाही, पण मी तो टाळणार नाही. लोन चार्जच्या ताणाखाली लोकांनी जीव दिले आहेत, आणि काही प्रकरणांची नोंद खुद्द एचएमआरसीच्या दप्तरी आहे. आपल्या घरांत पैशाची अडचण लपवण्याची रीत आहे. आईवडिलांना पुण्यात कळू नये, बायकोला किंवा नवऱ्याला काळजी नको, मंडळात चर्चा नको. असं करू नका. तुम्ही चोरी केलेली नाही. तुम्ही कामाचे पैसे घेतलेत, आणि सल्ला देणाऱ्यांवर विश्वास ठेवलात. आज रात्री जोडीदाराला पत्र दाखवा.

झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील तर समारिटन्स या मानसिक आधार देणाऱ्या संस्थेला ११६ १२३ वर कधीही फोन करता येतो, तो फुकट आहे. जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरलाही, खरं कारण सांगा. कर्जांच्या बाबतीत सिटिझन्स अॅडव्हाइस, स्टेपचेंज आणि नॅशनल डेटलाइन फुकट सल्ला देतात. त्यांच्यामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ मिळू शकते, म्हणजे ६० दिवस बहुतेक धनकोंना व्याज आणि कारवाई थांबवावी लागते. मानसिक आजारावर तातडीचे उपचार सुरू असतील तर ही मुभा उपचार संपेपर्यंत आणि त्यानंतर ३० दिवस असते.

भारतात परत गेला असाल तर

हिंजवडीत किंवा ठाण्यात बसून ‘आता ते काय करणार’ असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. दावा तुमच्या ब्रिटनमधल्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर बजावला जाऊ शकतो, आणि तिथे आता दुसरंच कुटुंब राहत असेल तर तुम्हाला कळण्याआधी निकाल लागलेला असेल. जुन्या घरमालकाला, मित्राला विचारा. इंग्लंडमधल्या निकालांचं रजिस्टर थोडी फी भरून ऑनलाइन तपासता येतं. एकतर्फी निकाल निघालाच तर तो रद्द करायचा अर्ज करता येतो, पण बचावात खरा दम आहे आणि कळल्यावर तुम्ही ताबडतोब हालचाल केलीत, हे दोन्ही दाखवावं लागतं.

दुसरं म्हणजे, ब्रिटन हा आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली परस्पर मान्यता असलेला प्रदेश आहे. तिथल्या हायकोर्टासारख्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा भारतातल्या जिल्हा न्यायालयातून अमलात आणता येतो. करावरचा हुकूम किंवा दंड त्यात येत नाही, पण खाजगी कर्जाचा येऊ शकतो. त्याला विरोध करायची कारणं कलम १३ मध्ये दिलेली आहेत: गुणदोषांवर निर्णय झालेला नसणं, नैसर्गिक न्याय न पाळला जाणं वगैरे. एकतर्फी निकालाबाबत ही कारणं कामाची ठरू शकतात. मात्र इंग्लंडमध्ये हजर व्हायचं, की तिथे गप्प राहून इथे विरोध करायचा, हा निर्णय एका वकिलाचा नाही. तिकडचा सॉलिसिटर आणि इकडचा दिवाणी वकील यांना पहिल्याच आठवड्यात एकमेकांशी बोलायला लावा, आणि तोपर्यंत इंग्लंडच्या कोर्टात काहीही दाखल करू नका, मात्र तिथल्या मुदतींच्या तारखा दोघांनाही लेखी देऊन ठेवा.